जिथे बर्फ पोहोचत नाही

१ मार्च २०००. दक्षिण मोझांबिकमध्ये लिंपोपो नदीनं काठ सोडले होते. गावंच्या गावं पाण्याखाली होती आणि माणसं झाडांवर चढून बसली होती. काही दिवस अशाच एका झाडावर अडकलेल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. मुलगी झाडावरच जन्मली. दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराचं हेलिकॉप्टर आलं, दोरावरून एक वैद्यकीय सैनिक खाली उतरला, त्यानं नाळ कापली आणि मायलेकींना वर खेचून घेण्यात आलं. हे सगळं कॅमेऱ्यानं टिपलं, आणि जगाचं लक्ष मोझांबिककडे वळलं.

बाळंतपणं करणाऱ्या एखाद्या नर्सनं ते चित्रण पाहिलं असतं, तर तिच्या मनात वेगळेच प्रश्न आले असते. वार पूर्ण पडली का? पोटावर हात ठेवला तर गर्भाशय नारळासारखं घट्ट लागतंय का? अंगावरून किती जातंय? बाळ झालं की बाईची ‘सुटका’ झाली असं आपण म्हणतो. पण जिवावर बेतण्याची वेळ बहुतेकदा त्यानंतरच येते.

नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जात असतं. वार सुटते तेव्हा तिच्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. मग गर्भाशयाचे एकमेकांत गुंतलेले स्नायू आवळतात आणि त्या वाहिन्यांना चिमटून बंद करतात. निसर्गाची ही योजना बहुतेक वेळा चोख चालते. स्नायू ढिले राहिले, तर मात्र धडधाकट बाई दोन तासांत दगावू शकते. प्रसूतीनंतरच्या या अतिरक्तस्रावानं आजही जगात दरवर्षी हजारो बायका मरतात.

गर्भाशय आवळणारं औषध वैद्यकाला ठाऊक नव्हतं असं नाही. हेन्री डेल यांनी १९०६मध्येच त्या द्रव्याचा परिणाम नोंदवला होता. व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५३मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हेच ऑक्सिटोसिन. जगभरच्या प्रसूतिगृहांत बाळ जन्मताच त्याचं इंजेक्शन देतात. पण ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं, टोचायला निर्जंतुक सुई लागते आणि टोचणारा शिकलेला हात लागतो. पुरात, भूकंपात, युद्धात सगळ्यात आधी जातात त्या नेमक्या याच तीन गोष्टी: वीज, सामान आणि माणूस.

ही अडचण सोडवण्याआधी ती आहे हे कुणीतरी मान्य करायला हवं होतं. त्यालाच विसावं शतक संपत आलं.

१९९४ सालापर्यंत निर्वासितांच्या छावणीतली आरोग्यसेवा ठरलेल्या क्रमानं चाले: पाणी, अन्न, निवारा, गोवराची लस, हगवणीवर उपचार. हा क्रम चुकीचा नव्हता, साथीत माणसं हजारोंनी मरतात. पण छावणीत बायकाही होत्या आणि त्यांतल्या कित्येक गरोदर होत्या, याची त्या यादीत नोंद नव्हती. जून १९९४मध्ये ‘विमेन्स कमिशन फॉर रेफ्युजी विमेन अँड चिल्ड्रन’ या अमेरिकी संस्थेनं एक अहवाल काढला. तो डिअर्ड्री वुल्फ यांनी लिहिला होता. त्याचं सांगणं सरळ होतं: निर्वासित बायकांच्या बाळंतपणाची, गर्भपातातल्या गुंतागुंतीची, संततिनियमनाची आणि बलात्कारानंतरच्या उपचारांची सोय जवळपास कुठेच नाही. पुढच्याच महिन्यात रवांडातून पळालेल्या लाखो माणसांचा लोंढा झाईरमधल्या गोमा शहराभोवती येऊन थडकला. पहिल्या महिन्याभरात तिथे सुमारे ५०,००० माणसं मेली, बरीचशी कॉलऱ्यानं. त्या गर्दीत जी बाळंतपणं झाली, त्यांतल्या आयांचं काय झालं याचा हिशेब कुणी नीट ठेवलेला नाही.

सप्टेंबर १९९४च्या कैरो परिषदेत हा विषय ऐरणीवर आला. १९९५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संघटना यांचा एक संयुक्त गट उभा राहिला. त्यांनी संकटाच्या पहिल्या दिवसापासून द्यायच्या किमान सेवांचा आराखडा बनवला. तो ‘मिस्प’ या नावानं ओळखला जातो. त्याच्या मुळाशी असलेलं गणित मला फार मोलाचं वाटतं. दहा हजार माणसं एका माळरानावर येऊन बसली आहेत. कोण कुठली, कुणाला काय दुखतंय, काही माहीत नाही. तरी एवढं आधीच सांगता येतं की त्यांच्यात वर्षाला साधारण ४०० बाळंतपणं होतील, म्हणजे महिन्याला तेहतीस-चौतीस, आणि त्यांतल्या पाचेक जणींची वाट अवघड असेल. त्या पाच जणी कोण, हे आधी कळत नाही. पण त्या असणार हे नक्की असतं. मग माणसं पोहोचायच्या आधीच सामान का बांधून ठेवू नये?

तसं सामान बांधलं गेलं. गरोदर बाईच्या हाती द्यायची एक पिशवी: साबण, अंथरायला प्लॅस्टिकचा कागद, नाळ बांधायला दोरा, कापायला नवं पातं, बाळाला गुंडाळायला कापड. घाणेरड्या पात्यानं होणारा धनुर्वात आणि हातांवाटे जाणारा जंतुसंसर्ग यांना ही पिशवी अडवते. किती जीव तिनं वाचवले असतील! पण वाहतं रक्त थांबवेल असं त्या पिशवीत काही नव्हतं. रक्त थांबवणारं जे औषध होतं त्याला बर्फ लागत होता.

उत्तर भलत्याच कपाटात पडून होतं.

पोटातल्या अल्सरवर सर्ल या अमेरिकी कंपनीनं मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी काढली होती. ब्राझीलमध्ये ती १९८६पासून औषधाच्या दुकानांत मिळू लागली. गरोदर बाईनं ती घेऊ नये, असा इशारा तिच्याबरोबर असे. ब्राझीलच्या बायकांनी त्या इशाऱ्यामागचा अर्थ ओळखला. ही गोळी गर्भाशय आवळते, हे प्रसूतितज्ज्ञांनी अभ्यासायला घेण्याआधी त्यांच्या कानोकानी झालं होतं. कायद्यानं गर्भपाताला बंदी असलेल्या देशात त्यांनी तिचा वापर कशासाठी केला असेल, हे सांगायला नको. १९९१मध्ये तिच्या विक्रीवर निर्बंध आले. पण वैद्यकाच्या कानावर गोष्ट पडली ती पडलीच. लंडनमध्ये हाझेम एल-रेफाय आणि चार्ल्स रोडेक यांनी १९९६मध्ये पहिली नोंद प्रसिद्ध केली: बाळ जन्मल्यावर ही गोळी तोंडानं दिली तर रक्तस्राव आटोक्यात राहतो असं दिसतंय. सुई नको, शीतपेटी नको. गोळी कोरडी ठेवली की झालं.

मग जागतिक आरोग्य संघटनेनं तिची कसून परीक्षा घेतली. नऊ देशांतली रुग्णालयं, १८,५३० बायका, एका बाजूला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, दुसऱ्या बाजूला ही गोळी. २००१मध्ये निकाल लागला आणि गोळी हरली. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलेल्या बायकांचं प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ३ टक्के होतं, गोळी घेतलेल्यांत ४ टक्के. रुग्णालयासाठी हा निकाल योग्यच होता. पण गोष्ट तिथे संपली असती, तर इंजेक्शन जिथे पोहोचतच नाही तिथल्या बाईच्या हाती काहीच उरलं नसतं. तिच्यापुढे गोळी की इंजेक्शन हा पर्याय कधी नव्हताच. गोळी की काहीच नाही, एवढाच होता.

हा प्रश्न नेमका असा विचारला गेला आपल्या शेजारी, बेळगावात.

बेळगाव म्हटलं की मराठी माणसाला आधी सीमाप्रश्न आठवतो. त्याच गावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथले बी. एस. कोडकणी, शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी, तसंच अमेरिकेतले रिचर्ड डर्मन आणि स्टेसी गेलर यांनी मिळून ठरवलं की परीक्षा रुग्णालयात घ्यायचीच नाही. ती घ्यायची खेड्यातल्या घरात आणि उपकेंद्रात, जिथे प्राथमिक आरोग्य केंद्राची नर्सबाई बाळंतपण करते. त्या घरांत वार पडण्याची वाट पाहायची, पोट चोळायचं आणि फारच गेलं तर गाडी शोधायची, एवढंच हाती असे.

पण कामाला लागण्याआधी एक पेच होता. गेलेलं रक्त मोजायचं कसं? चिंध्या, लुगडी, मातीची जमीन, गर्भजलात मिसळलेलं रक्त. पाहून अंदाज बांधायचा, हीच जगभरची रीत होती. मोठमोठे डॉक्टरही तेच करत. बेळगावच्या गटानं यावर प्लॅस्टिकची एक चादर तयार केली. बाळ झाल्यावर ती बाईच्या कमरेखाली सरकवायची, कमरेला बांधायची. खाली निमुळती होत गेलेली पिशवी, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. रक्त पिशवीत उतरतं आणि आकडा डोळ्यांसमोर दिसतो. अंदाज आणि मोजमाप यांची तुलना केली तेव्हा कळलं की नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी येतो.

मला तर या साऱ्या कथेतला हाच खरा शोध वाटतो. आधीच्या कित्येक पिढ्यांत ‘थोडंच गेलं’ असं म्हणत बायका हातच्या गेल्या असतील, त्याचं एक कारण या ३३ टक्क्यांत आहे. बाई गोरीमोरी होऊन थंड पडू लागते तेव्हा उशीर झालेला असतो. पिशवी त्याच्या आधी बोलते.

सप्टेंबर २००२मध्ये काम सुरू झालं. बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांचा परिसर, २५ नर्सबाया, १,६२० बाळंतिणी. नाळ कापल्यावर पाच मिनिटांच्या आत तीन गोळ्या तोंडानं द्यायच्या. निम्म्या जणींच्या पाकिटात मिसोप्रोस्टॉल होतं, निम्म्यांच्या पाकिटात तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कुठल्या पाकिटात काय, हे ना नर्सबाईला ठाऊक, ना बाळंतिणीला. मग तासभर पिशवीवर नजर. रात्रीअपरात्री, कुठल्या तरी घरातल्या अपुऱ्या उजेडात, या बायांनी खुणा वाचल्या आणि वहीत उतरवल्या. हा सिलसिला तीन वर्षांहून जास्त काळ चालला, डिसेंबर २००५पर्यंत.

पाकिटांचं गुपित उघडलं तेव्हा चित्र असं होतं. औषध नसलेल्या गटात १२ टक्के बायकांचं रक्त अर्ध्या लिटरपर्यंत किंवा त्यापलीकडे गेलं होतं, गोळी घेतलेल्यांत ६.४ टक्के. एक लिटरच्या पुढे जाणाऱ्यांचं प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आलं होतं. हिशेब मांडला तर दर अठरा बाळंतिणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. गोळीनं काहींना हुडहुडी भरली, ताप आला, पण तो थोड्या वेळात उतरला. ऑक्टोबर २००६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध छापून आला. जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकातले हे आकडे खेड्यातल्या नर्सबायांनी पिशवीच्या खुणांवरून वाचलेले होते. निबंधाच्या शिरोभागी त्यांची नावं नाहीत, म्हणून इथे त्यांचं काम मुद्दाम विस्तारानं सांगितलं.

आता छावण्यांकडे वळू. बेळगावात निदान नर्सबाई तरी होती. युद्धग्रस्त डोंगराळ मुलखात तीही नसते. मग गोळी गरोदर बाईच्याच हाती आधी देऊन ठेवावी का? यावर कडाक्याचा वाद झाला. बाळ पोटात असताना गोळी घेतली तर गर्भाशय फाटू शकतं. जुळं असेल आणि पहिल्या बाळानंतर लगेच घेतली, तरी अनर्थ होईल. गोळी गर्भपातासाठी वळवली जाईल, असंही काहींचं म्हणणं होतं. शिवाय गोळी आहे म्हणून बायका दवाखान्यातच येणार नाहीत, अशीही भीती होती. या शंका खोट्या नव्हत्या. पण त्यांच्याखाली दबलेला एक अविश्वासही मला दिसतो: न शिकलेल्या बाईला एवढं समजेल का?

नेपाळनं बांके जिल्ह्यात २००५मध्ये प्रयोग केला. गावातल्या महिला आरोग्य स्वयंसेविका आठव्या महिन्यात गरोदर बाईच्या घरी जायच्या, गोळ्या द्यायच्या आणि कधी घ्यायच्या, कधी घ्यायच्या नाहीत हे समजावून सांगायच्या. तिथे या गोळीला नाव पडलं ‘मातृ सुरक्षा चक्की’. आणि मग अफगाणिस्तान. त्या देशाच्या बदख्शान प्रांतात राघ नावाचा दुर्गम जिल्हा आहे. २००२ साली केलेल्या पाहणीत तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६,५०७ मातामृत्यू आढळले. जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या आकड्यांत तो सर्वांत मोठा होता. अशा देशात घरी बाळंत होणाऱ्या बायकांना समाजातल्या कार्यकर्त्यांनी समजावून गोळ्या दिल्या. १,४२१ जणींनी त्या घेतल्या. अभ्यासाचा निकाल २०१०मध्ये प्रसिद्ध झाला: या १,४२१ जणींपैकी सर्वच्या सर्व जणींनी गोळ्या बाळ जन्मल्यानंतरच घेतल्या होत्या. त्यांत जुळी झालेल्या वीस जणी होत्या.

एकीनंही चूक केली नव्हती. नीट सांगितलं की बाई नीट ऐकते, कारण जीव तिचा असतो. माझ्या मते तो वाद तिथेच मिटायला हवा होता.

२०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अतिरक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. जिथे ऑक्सिटोसिन मिळत नाही आणि शिकलेला प्रसूतिसेवक नाही, तिथे समाजातल्या आरोग्यसेविकेनं ही गोळी द्यावी, असंही पुढे सांगितलं. २०१८च्या आंतरसंस्था मार्गदर्शिकेत संकटकाळासाठी ती वाट खुली केली गेली: दवाखान्यापर्यंत पोहोचणं शक्य नसेल, तर शेवटच्या महिन्यांतल्या बाईला साबण-दोरा-पात्याच्या पिशवीबरोबर गोळ्याही द्याव्यात. पिशवीतली ती रिकामी जागा १९९४च्या अहवालानंतर चोवीस वर्षांनी भरली.

शोध पुढे चालूच आहे. २०१८मध्ये दहा देशांतल्या जवळपास ३०,००० बायकांवर कार्बेटोसिन नावाच्या इंजेक्शनचा अभ्यास झाला. भारतही त्यात होता, आणि अभ्यासकांत बेळगावचे गौडरही होते. या इंजेक्शनला बर्फ लागत नाही. ३० अंश तापमानातही ते तीन वर्षं टिकतं आणि अर्ध्या लिटरच्या कसोटीवर ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. २०२३मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांतल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात खुणांची पिशवी वापरून रक्त मोजलं आणि मर्यादा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. बेळगावच्या बायांनी धरलेली तीच वाट होती.

आता हे आपल्यापाशी आणतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा सांगली-कोल्हापुरात शिरल्या, तेव्हा महाराष्ट्रभरातून बिस्किटं, चादरी, पाण्याच्या बाटल्या यांचे ट्रक निघाले. ती मदत मनापासून होती आणि लागतही होती. पण दहा हजारांमागे महिन्याला तेहतीस बाळंतपणं हे गणित आपल्या नदीकाठालाही लागू आहे, जन्मदर इथे कमी आहे म्हणून आकडा थोडा उतरेल इतकंच. औषध कुणाला, कधी द्यायचं हे डॉक्टर आणि नर्सनंच ठरवावं, ते आपलं काम नव्हे. आपल्या हाती आहे ते वेगळं. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या गावाची किंवा मंडळाची मदतफेरी निघेल तेव्हा पाणी चढण्याआधी आशाताईंना भेटा. आठवा-नववा महिना चालू असलेल्या बायकांची नावं त्यांच्या वहीत असतात. त्यांना विचारून त्या बायकांना सर्वांत आधी, रस्ता तुटण्याआधी, दवाखान्याजवळ हलवायची गाडी ठरवून ठेवा.